हाक्याचा वाटा

लेस्टर, ९ नोव्हेंबर

चि. अपूर्व,

एक कामाचा प्रश्न विचारायला लिहिते आहे. डब्यांवरची पोषणाची कोष्टकं तयार करणं हे तुझं रोजचं काम, त्यामुळे तुला उत्तर तोंडपाठ असेल. शंभर ग्रॅम शिकारीचं मांस आणि शंभर ग्रॅम लिव्हर पॅटे, म्हणजे काळीज वाटून केलेला लगदा, यांत अशक्त माणसाच्या अंगी जास्त काय लागेल? तू मांसाला शिवत नाहीस, दोन्ही नावं वाचून तुला कसंतरी होणार, ठाऊक आहे. नाक दाबून सांग.

फोन का केला नाही म्हणशील. तू उचलत नाहीस हे एक. दुसरं असं की फोन स्वयंपाकघरात आहे आणि यांचा पलंग आता स्वयंपाकघराला लागूनच, पुढच्या खोलीत मांडलाय. यांना सगळं ऐकू येतं आणि सगळं कळतं. स्ट्रोकनं उजवी बाजू आणि बोलणं नेलं, कान तसेच ठेवले. यांच्या देखत यांच्याच वजनाची चर्चा मला करवत नाही. म्हणून वर येऊन लिहिते.

सप्टेंबरात स्ट्रोकचं अक्षयाला कळवलं तेव्हा तुम्हा नवराबायकोची फुलं आली होती. वॉर्डात फुलं चालत नाहीत, नर्सनं तिच्या टेबलावर ठेवली. बरीच टिकली.

आता गोष्ट खाण्यावर आली आहे. घसा नीट काम करत नाही. डॉक्टर म्हणाले होते, पोटात नळी घालू. यांनी डाव्या हातानं डॉक्टरांचा हात धरला आणि हळूच बाजूला केला. तीनदा विचारलं, तीनदा तसंच. कागदावर तसं लिहिलं गेलं. म्हणजे आता जे काही जायचं ते तोंडानंच, आणि तेही वाटलेलं, गुळगुळीत.

दिया नावाची डाएटिशियन घरी येते. बेलग्रेव्ह रोडवर तिच्या आजोबांचं साडीचं दुकान होतं, मी तिथून घेतलेली पैठणी अजून आहे. ती म्हणाली, "आंटी, लिव्हर पॅटे ट्राय करा. आयतंच स्मूद असतं." सुपरमार्केटमधून एक डबी आणली. तिच्या शेजारी ओट्यावर यांच्या कारखान्यातल्या कीथनं काल आणून दिलेली फेझंटची, त्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्यांची, जोडी पडली आहे, एक नर, एक मादी, मानेला नारिंगी सुतळी. मी दोन्हीकडे बघत उभी राहिले, मग वर आले. तू सांग.

आई


लेस्टर, २३ नोव्हेंबर

चि. अपूर्व,

पत्र नाही आलं, पण पार्सल आलं. मटाराच्या प्रोटीनची पावडर, मोठी पिशवी. पत्ता अक्षयाच्या हातचा, पण वर 'दिवसातून दोनदा' लिहिलंय ते अक्षर तुझं. मी कस्टर्डमध्ये घालून दिली. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला चमचा ढकलला. चव वाईट नाही, मी स्वतः खाऊन पाहिली. भिंतीला लावायच्या पांढऱ्या मातीची आठवण होते, पण वाईट नाही.

तुझ्याकडून उत्तर नाही म्हणून मीच डबीचं लेबल आणि दियानं दिलेला तक्ता वाचला. फेझंटच्या छातीचं मांस: प्रोटीन चोवीस ग्रॅम, चरबी तीन, उष्मांक एकशेतीसच्या आसपास. पॅटे: प्रोटीन निम्मं, चरबी जवळजवळ तीस ग्रॅम, उष्मांक तीनशेवर. लोह पॅटेत दुपटीहून जास्त, आणि जीवनसत्त्व अ तर इतकं की आठवड्यातून एकदाच खा असं सांगतात. मिठाचं बघूच नये.

मला हसू आलं. यांचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हापासून मी या घरात लोणी मोजून वाढलं. शिकारीचं मांस चांगलं, रानात धावलेलं, त्याला चरबी नसते, असं हे मला सांगायचे आणि मी तुला सांगायचे. आता दिया म्हणते, यांना चरबीच हवी. जे चांगलं होतं ते आता पुरत नाही आणि जे वाईट होतं त्यानं माणूस उभा राहील म्हणे. वर फेझंटला धागा असतो. मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी तो धागा घशात अडकतो.

आणि कीथ थांबत नाही. दर शनिवारी संध्याकाळी दारात जोडी. तुला आठवतं, शिकारीचा दिवस संपला की हाका घालून बंदूकवाल्यांसाठी रान उठवणाऱ्या प्रत्येकाला एक जोडी मिळते. मी काल त्याला म्हटलं, "कीथ, अरे, फ्रीझर भरला. हे खाऊ शकत नाहीत. नको आणूस."

तो पायपुसण्यावरच उभा राहिला, चिखलाच्या बुटांमुळे तो आत येत नाहीच. यांना तो पहिल्यापासून रे म्हणतो आणि मला शाम. म्हणाला, "हा रेचा वाटा आहे, शाम. रानाचा कीपर माणसं मोजताना त्याला धरतो. जोवर तो स्वतः येऊन नाही म्हणत नाही तोवर तो लाइनीत आहे." मग म्हणाला, "आणि तो नाही कसा म्हणणार, ब्लडी फूलला बोलताच येत नाही." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला.

मी जोडी घेतली. काय करणार?

हे आतून चमच्यानं पलंगाच्या दांडीवर टकटक करत होते. काही हवं असलं की टकटक करतात, हाक्यात काठी आपटतात तशी, एका लयीत. तुला पहिल्या दिवसाची गोष्ट ठाऊक आहेच. कारखान्यातून कीथ यांना पहिल्यांदा घेऊन गेला, यांना वाटलं, आपल्या गगनबावड्याकडचा हाका, म्हणून फुप्फुसं फुटेस्तोवर ओरडले. सगळे पक्षी एकदम उठले, बंदुका भरल्याही नव्हत्या. कीपर जवळ येऊन म्हणाला, "सर, इथे आम्ही फक्त काठी वाजवतो." पस्तीस वर्षं वाजवली. आता घरात वाजवतात आणि मी उठते.

यांना थोडा खोकला आहे. काळजीचं नाही.

आई


लेस्टर, १ डिसेंबर

अपूर्व,

मागच्या पत्रात खोकला लिहिला ते पुरतं खरं नव्हतं. पत्र टाकलं त्याच दिवशी अँब्युलन्स बोलवावी लागली. छातीत इन्फेक्शन. अजून हॉस्पिटलात आहेत.

मी अळणी दिली होती.

तुला तापात मी द्यायचे तीच. फेझंटची हाडं, हळद, आलं, थेंबभर तूप, मीठ नाही. मला सांगितलं होतं, पातळ द्यायचं नाही, चमचा उलटा केला तर घास एका तुकड्यात खाली पडला पाहिजे. ते मी मांसाला लावलं, पेजेला लावलं. अळणीला लावलं नाही. आजारी माणसाला पातळ देतात हे माझ्या हाडात आहे, अपूर्व. आमच्याकडे माणूस अंथरुणाला खिळला की पहिली वाटी अळणीची. मला ती खाण्यात धरावी असं वाटलंच नाही. यांनी वास घेतला आणि तोंड उघडलं. किती दिवसांनी स्वतःहून उघडलं. चार चमचे गेले, पाचव्याला ठसका लागला आणि ते पातळ छातीत उतरलं.

नर्सनं विचारलं, थिन लिक्विड दिलं का? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो.

अक्षयाचा मेसेज आला आहे: "आई, तो पत्रं वाचतो. दोनदा वाचतो. एवढंच सांगते." तिला म्हणावं, एवढंही पुष्कळ झालं.

आई


लेस्टर, १६ डिसेंबर

चि. अपूर्व,

घरी आणलं. पलंगाला आता हॉस्पिटलसारखी लोखंडी दांडी आहे, टकटक जास्त मोठ्यानं ऐकू येते. शेजारची बाई विचारत होती, नवं घड्याळ घेतलंत का म्हणून.

पॅटे आता मी रीतसर देऊन पाहते. डबीतून काढते, थोडं कोमट करते, लोणी घालून आणखी मऊ करते. जिभेवर ठेवलं की हे ओठ मिटतात आणि बाहेर काढतात. चवीचा प्रश्न नाही. इतकी वर्षं ओळखते मी यांना. दुकानातली डबी यांना दिसते. ज्या पक्ष्यामागे आपण चाललो नाही तो खायचा नाही, हे यांचं जुनं खूळ. चिकन यांनी कधी मनापासून खाल्लंय? मी डबी लपवून आतल्या आत वाटीत काढून आणली, तरी कळलं.

सोमवारी दिया आली. वजन पाहिलं. मी विचारलं, समजा यांनी पॅटे घेतलंच तर आठवड्यातून किती वेळा? कारण ते जीवनसत्त्व अ साठतं, लिव्हरला त्रास होतो, सगळीकडे लिहिलंय.

ती म्हणाली, "आंटी, त्यांना आवडत असेल तर रोज द्या."

"पण ते साठतं ना?"

"साठायला वेळ लागतो," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता वजनाचा काटा पिशवीत घालायला लागली. पिशवीची चेन अडकली होती, ती बराच वेळ ओढत बसली.

मला आधी बरं वाटलं, अपूर्व. खरंच. चला, एक बंधन कमी झालं. ती गेल्यावर मी भांडी विसळायला घेतली आणि मग कळलं की ती काय म्हणाली.

तुला बोलवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तू मोठा आहेस, तुझं तू ठरवशील. कोण चुकलं ते मी विचारत नाही. यांनी तुमच्या शाकाहारी लग्नात फेझंटचं सुक्कं स्टीलच्या डब्यात नेलं आणि कीथला घेऊन कार पार्कमध्ये गाडीत बसून खाल्लं, ते वाईटच दिसलं. अक्षयाच्या मावशीनं फोटो काढला नसता तर कोणाला कळलंही नसतं, पण काढला. आणि तू सगळ्यांसमोर इंग्लिशमध्ये म्हणालास की बाबा, तुमच्या अंगाला मेलेल्या जनावरांचा वास येतो. हे म्हणाले, त्याच वासात तू वाढलास. मग आठ वर्षं कोणी काही बोललं नाही.

एकच सांगते, कारण तुला ते माहीत असायचं कारण नाही. त्यानंतर यांनी हाक्याचा कोट कधी घरात आणला नाही. मागे शेडमध्ये काढायचे, शेडमध्येच नळाखाली हात धुवायचे, थंडीतसुद्धा, आणि घरात आल्यावर मला विचारायचे, "येतोय का गं?" मी नाही म्हणायचे. दर शनिवारी.

तुझं ब्रिस्टल काही अमेरिका नव्हे.

आई


लेस्टर, ११ जानेवारी

चि. अपूर्व,

नाताळात तू येशील असं वाटलं होतं. वरची तुझी खोली गरम ठेवली होती. असो. अक्षयानं पाठवलेला मोजे आणि स्कार्फचा खोका पोचला, मोजे यांच्या पायात आहेत.

एक गंमत झाली आहे, तुला गंमत वाटेल की नाही माहीत नाही.

मी कीथला सांगितलं की हे पॅटे खात नाहीत कारण ते दुकानातलं आहे. तो म्हणाला, "अर्थात. मीही खाणार नाही." मी म्हटलं, "तुझं ठीक आहे, तुझी पँट कमरेवर राहते." तो विचारात पडला. मग मी विचारलं, फेझंटला काळीज असतंच की, त्याचं काय करता तुम्ही? म्हणाला, केवढंसं असतं, बोराएवढं. कुत्र्यांना टाकतो.

मी विषय बदलला. मागून काही मिळवायची मला सवय नाही.

काल शनिवारी तो आला तेव्हा हातात जोडी होतीच, शिवाय आइस्क्रीमचा डबा होता, व्हॅनिलाचा, वर टेप लावलेली. उघडला तर आत काळजं. सगळ्यांच्या वाट्याची. दिवस संपल्यावर थंडीत उभं राहून एकूण एक माणसानं आपापली जोडी तिथेच साफ केली आणि तेवढं या डब्यात टाकलं. एरवी कोणी साफ करत नाही तिथे, घरी नेऊन करतात. कीथ म्हणाला, "कीपरच्या बायकोनं कृती लिहून दिलीय, पण तू ऐकणार नाहीस." मी म्हटलं, "बरोबर." तो म्हणाला, "रेचं कुत्रं असतं तर आज उपाशी राहिलं असतं."

कृती सांगते, तुला नको असली तरी. कांदा लोण्यात इतका मऊ करायचा की त्याचं अस्तित्व राहू नये. काळजं त्यात परतायची, आत लाल राहू द्यायची नाहीत, यांच्यासाठी तरी नाही. मिरपूड, किंचित जायफळ, आणि आपला कांदा-लसूण मसाला चिमूटभर, कारण त्याशिवाय ते इंग्रजांचंच राहील. थोडं छातीचं मांस शिजवून, वाटून, चाळणीतून तीनदा गाळून त्यात. वर सायीचा गोळा. म्हणजे तुझं शिकारीचं मांस आणि लिव्हर पॅटे, दोन्ही एकाच वाटीत आले. कोष्टक तू मांड, मला जमणार नाही.

मी वाटी नेली. कीथला म्हटलं, बूट काढ आणि आत ये. तो मोज्यांवर आला, मोज्याला भोक. त्यानं यांना नावं घेऊन सांगितलं, हे टेरीच्या जोडीतलं, हे बॉबच्या, हे माझ्या. हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग यांनी ओठ उघडले.

पाच चमचे. मी मोजले नव्हते, कीथनं मोजले.

वजन यामुळे वाढणार नाही. दियानं आधीच सांगितलंय, आशा ठेवा पण तशी नको. ती बरोबर असेल. उतरतं आहे ते उतरतंच आहे. मी त्या वाटीकडे बघते आणि मला कळत नाही की मी यांना जगवते आहे की फक्त जेवू घालते आहे.

आई


लेस्टर, १ फेब्रुवारी

चि. अपूर्व,

काल सीझनचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या दिवशी उलटं असतं, रान उठवणाऱ्यांच्या हातात बंदुका देतात. यांना कधी बंदुकीची हौस नव्हती, हे त्या दिवशीही काठीच घ्यायचे, आणि बाकीचे यांना हसायचे. कीथ म्हणाला, काल यांची काठी त्यानं लाइनीत यांच्या जागी रोवून ठेवली होती. मग लाइन पुढे सरकली तेव्हा ती तिथेच राहिली, आणि तो परत जाऊन घेऊन आला. त्या नादात त्याच्या हातचा पक्षी निसटला.

शेवटची जोडी दिली. आता ऑक्टोबरपर्यंत नाही. तो 'ऑक्टोबर' म्हणाला आणि सुतळीची गाठ पुन्हा आवळू लागला.

हे आता दिवसाचा बराच वेळ झोपतात. काल मात्र जागे होते. खुर्चीत बसवून स्वयंपाकघरात टेबलाशी आणलं, मी काम करताना यांना बघायचं असतं. मी मांस चाळणीतून गाळत होते. तिसऱ्यांदा गाळताना चाळणीत टण्ण वाजलं. छर्रा. मोहरीएवढा. दोन वेळा गाळूनही निसटला आणि तिसऱ्यांदा हाती लागला, नाहीतर यांच्या घशात गेला असता. मी चाळणी खाली ठेवली. म्हटलं, आता हेही बंद करावं लागणार.

यांनी टकटक केली. मी बशीत छर्रा ठेवून यांच्यासमोर सरकवला. यांनी डाव्या हातानं तो उचलायला किती प्रयत्न केले, मी मदत केली तर हात झटकला. शेवटी बोटाला चिकटला. मग टेबलावरून हात सरकवत सरकवत खिडकीकडच्या खुर्चीसमोर नेला आणि तिथे छर्रा ठेवला. आणि चमच्यानं टकटक सुरू.

मी विचारलं, "काय? कचऱ्यात टाकू?" टकटक. "माझा आहे?" टकटक. "कीथला देऊ?" आणखी जोरात. रागावले होते. मी कुठे उभी होते ते मला तेव्हा दिसलं. ती खुर्ची तुझी. तू तिथे बसून ताटातला छर्रा शोधायचास, दात सांभाळून, हळूहळू चावत, आणि सापडला की ओरडायचास. या घरचा कायदाच होता, छर्रा ज्याच्या ताटात, त्याला त्या दिवशी भांडी माफ. यांनीच काढला होता तो, आणि स्वतःच्या ताटातला कितीदा तरी गुपचूप तुझ्या ताटात टाकायचे, मग स्वतः बाही वर करून सिंकपाशी उभे राहायचे. मला दिसायचं. तुलाही दिसत असणार.

मी म्हटलं, "अपूर्वचा?"

टकटक थांबली.

छर्रा धुऊन, फॉइलमध्ये गुंडाळून या पाकिटात घातला आहे. फार लहान आहे, पाकीट उघडताना सांडू नकोस. तू मांस खात नाहीस, ते यांना माहीत आहे. खायला नाही पाठवला. तुझ्या वाट्याचा आहे म्हणून पाठवला आहे, आणि यांनी पाठवला आहे, मी फक्त तिकीट लावलं.

म्हणजे तुला भांडी माफ. इथे आलास तर काही घासायचं नाही, काही निस्तरायचं नाही, कोणाला काही म्हणायचं नाही. खिडकीकडच्या खुर्चीत नुसतं बसायचं.

मी वर बसून लिहिते आहे. खाली चमचा वाजतो आहे, पूर्वीपेक्षा हळू, मध्ये मध्ये थांबून. आता उठते. तो वाजतोय तोवर ये.

आई